आधार, अंगठा, ओटीपी: देण्याआधी काय विचारायचं, दिल्यावर काय तपासायचं

शहाद्यात तहसील कचेरीजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. लोक आधारच्या जितक्या जास्त झेरॉक्स काढतील तितका माझा गल्ला भरतो. तरी गिऱ्हाइकाने कार्ड पुढे केलं की मी आधी विचारते, "कसाले पाहिजे?" उत्तर ठरलेलं असतं, "सायेबनी सांगं." कोणत्या साहेबाने, कोणत्या कामासाठी, नुसतं मूळ कार्ड दाखवून भागत नाही का, हे कोणी विचारलेलंच नसतं. "सुरक्षेसाठी आहे", "केवायसी आहे", "वरून आदेश आहे" असं म्हटलं की आपला माणूस गप्प सही करतो, अंगठा लावतो आणि ओटीपीही वाचून दाखवतो. मागणारा नियमात बसतो. उद्या पैसे गेले तर मात्र ते आपले जातात, आणि ते कसे गेले हे शोधायला हेलपाटेही आपणच घालतो.

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. तेव्हा ते ऐच्छिक होतं. पुढे गॅस, रेशन, बँक, सिमकार्ड, जिथे तिथे तेच मागायला लागले. २६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी अनुदानाला आणि पॅनला आधार मागता येईल, पण बँक खात्याला आणि सिमकार्डाला ते जोडायची सक्ती चालणार नाही. पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि ग्राहकाने स्वतःहून दिलं तर बँकांना, मोबाइल कंपन्यांना ते वापरायची वाट मोकळी झाली. आता "स्वतःहून" म्हणजे काय, ते काउंटरसमोर मागे दहा माणसांची रांग असताना उभं राहिलं की कळतं.

तर मी माझ्या गिऱ्हाइकांना जे सांगते ते इथे लिहून ठेवते.

सगळ्यात आधी: आधारला मोबाइल कोणाचा जोडलाय?

पुढचं सगळं यावर अवलंबून आहे, म्हणून हे पहिलं. खेड्यापाड्यांत कॅम्प लागायचे तेव्हा ज्याच्याकडे मोबाइल नव्हता त्याच्या कार्डाला भाच्याचा, सरपंचाच्या पोराचा, कधी तर कॅम्पवाल्याचाच नंबर टाकला जायचा. धडगावकडून येणाऱ्या बायांच्या कार्डांत मला हे फार दिसतं. तुमच्या आधारचा ओटीपी दुसऱ्याच्या खिशात वाजत असेल तर बाकीची काळजी घेऊन काही उपयोग नाही.

माय-आधारच्या सरकारी वेबसाइटवर आधार वैधता तपासायची सोय आहे. आधार नंबर आणि समोर दिसणारी अक्षरं टाकली की जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. त्याला ओटीपी लागत नाही. ते आकडे तुमच्या नंबरचे नसतील तर आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्या. तिथे शुल्काचा बोर्ड लावलेला असतो. तेवढेच पैसे द्या आणि पावती मागा. "नेट चालत नाही, पन्नास वर द्या" हे नेटचं कारण नसतं.

त्याच वेबसाइटवर, आता ओटीपी टाकून, आणखी एक गोष्ट बघा: अनुदानासाठी आधारला कोणती बँक जोडली आहे. लाडकी बहीण, पीएम किसान यांचे पैसे या जोडलेल्या खात्यात जातात, फॉर्मवर दुसरा खातेनंबर लिहिलेला असला तरी. "ताई, माझे पैसे आलेच नाहीत" म्हणत आलेल्या बाईचे पैसे पुष्कळदा आलेले असतात, पण कधीकाळी सिम घेताना उघडलेल्या आणि ती विसरलेल्या खात्यात. हे उगीच म्हणत नाही. २०१७ साली एअरटेलकडे सिमच्या पडताळणीसाठी लोकांनी आधार दिलं आणि त्याच पडताळणीवर त्यांची एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली. गॅसचं अनुदान तिकडे वळलं आणि लोकांना पत्ताच नव्हता. बोंब झाल्यावर डिसेंबरमध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीचं ई-केवायसी थांबवलं आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या पेमेंट्स बँकेला ५ कोटींचा दंड केला. दंड सरकारजमा झाला. गॅसवाल्या बाईला आपलं खातं आपणच शोधावं लागलं.

झेरॉक्स द्यायचीच असेल तर

२७ मे २०२२ ला आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने एक सूचना काढली: आधारची झेरॉक्स कोणत्याही संस्थेला देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, त्याऐवजी फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं आधार द्या. माझ्या मते अनेक वर्षांत आलेली ती सगळ्यात शहाणी सरकारी सूचना होती. दोन दिवसांत, २९ मे ला, केंद्राने ती मागे घेतली. लोक चुकीचा अर्थ काढतील, नेहमीची काळजी घ्या म्हणजे झालं, असं सांगितलं. सूचना गेली, पण अर्धे आकडे झाकायची सोय वेबसाइटवर तशीच आहे. ती वापरा.

आधार डाउनलोड करताना "मास्क्ड आधार हवं का" असा एक चौकोन येतो, त्यावर खूण करायची. फाइल उघडायचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. एकदा प्रिंट काढून घरी ठेवा. लॉजवाला, भाड्याच्या खोलीचा मालक, कुरिअरवाला, कोचिंग क्लास, या सगळ्यांना हीच प्रिंट द्यायची. सरकारी योजनेच्या फॉर्मला पूर्ण नंबर लागतो, तिथे भांडत बसू नका.

बँकेत आधारच पाहिजे असं म्हणाले तर रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमात बाकीचे कागदही आहेत: पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र आणि रोजगार हमीचं जॉब कार्ड. जॉब कार्ड चालतं हे ऐकून काउंटरवरचे कर्मचारीच चकित होतात. आणि जिथे आधारवरून ऑनलाइन पडताळणी करायची नसते, तिथे झेरॉक्सवरचा आधार नंबर काळा करून घ्यायची जबाबदारी नियमाने बँकेचीच आहे. मी तर काळा मार्कर काउंटरवर बांधूनच ठेवलाय.

झेरॉक्सवर लिहायचं कसं, तेही सांगते. लोक कोपऱ्यात बारीक सही करतात. तो कोपरा कापला की कागद परत कोरा. फोटोच्या कडेवरून, छापील मजकुरावरून आडवं लिहा: कशासाठी, कोणाला, कोणत्या तारखेला. "फक्त पीक कर्जासाठी, अमुक शाखा, तारीख." त्यावरच सही. खालचा छापील मजकूर वाचता आला पाहिजे, पण तुम्ही लिहिलेलं वगळून त्याची नवी प्रत काढता येऊ नये. आणि झेरॉक्सवाल्याकडून बिघडलेली प्रत परत मागा. तिरकी आलेली, काळी पडलेली प्रत दुकानाच्या टोपलीत जाते, टोपली रद्दीत जाते, आणि रद्दी कुठे जाते ते भजी खाताना कागद उलटून पाहिला तर समजेल. माझ्याकडे तसली प्रत गिऱ्हाइकासमोर फाडते. सगळीकडे फाडतात असं समजू नका.

अंगठा

पासवर्ड बदलता येतो, सिम बंद करता येतं, बोटं बदलता येत नाहीत. म्हणून यावर जरा थांबते.

आधारवरून पैसे काढायची जी सोय आहे (बँक मित्राच्या मशीनवर अंगठा लावून), तिला ना एटीएम कार्ड लागतं ना पिन ना ओटीपी. म्हाताऱ्या माणसाला, तालुक्याला येऊ न शकणाऱ्याला ही खरोखर मोठी मदत आहे. सातपुड्याच्या पाड्यांवर हेच एटीएम. चोरालाही तेवढीच सोपी. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमविक्रेत्याने जमीन नोंदणीच्या सरकारी वेबसाइटवरून खरेदीखतांवरचे अंगठ्यांचे ठसे उचलले, त्यांचे रबरी ठसे बनवले आणि हजारो सिम चालू केली. त्यानंतर असल्याच नकली ठशांनी बँक खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे वेगवेगळ्या राज्यांत नोंदले गेले. सरकारने सुरक्षित म्हणून जो ठसा घेतला, तोच सरकारच्याच वेबसाइटवर उघडा होता. यानंतर मला कोणी "बायोमेट्रिक आहे, चिंता नको" म्हटलं की मी जास्तच चिंता करते.

अंगठ्याला कुलूप लावता येतं. माय-आधारवर किंवा आधारच्या सरकारी अॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे. लॉक केलं की तुमचा खरा अंगठाही चालत नाही, नकलीही नाही. गरज पडली की थोड्या वेळापुरतं उघडायचं, ते पुन्हा आपोआप बंद होतं.

पण सरसकट सगळ्यांनी लॉक करा असं मी सांगत नाही, कारण रेशन अडतं. लॉक असलेल्याचा अंगठा रेशनच्या मशीनवर उठत नाही आणि दुकानदार परत पाठवतो. खताच्या दुकानातल्या मशीनचंही तेच. उपाय असा: रेशनकार्डावरच्या कोणाही एकाचा अंगठा रेशनला चालतो. म्हणून घरातला एक जण ठरवा, ज्याच्या खात्यात फारसे पैसे नसतात. त्याचं उघडं ठेवा आणि बाकीच्यांचं लॉक करा. ज्या आजोबांचं निराधारचं अनुदान अंगठ्यावरच निघतं आणि घरात ओटीपी वाचणारं कोणी नाही, त्यांचं लॉक करू नका. त्यांच्या पासबुकात दर महिन्याला नोंद मारून घ्या, तेवढं पुरे. ज्याच्याकडे एटीएम कार्ड आहे आणि जो अंगठ्याने पैसे कधी काढत नाही, त्याने शाखेत लेखी अर्ज देऊन ही सोयच बंद करून मागावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा. "तोंडी सांगितलं, झालं" यावर घरी येऊ नका.

मशीनवर अंगठा लावताना पडद्यावर काय लिहिलंय ते बघा: शिल्लक बघणं की पैसे काढणं. "आला नाही, परत लावा" असं म्हणाले तर पहिल्या फसलेल्या व्यवहाराची पावती मागा. मशीन तीही देतं. खताच्या दुकानात किती गोण्या तुमच्या नावावर चढल्या ते पावतीवर असतं. दोन घेतल्या आणि पाच चढल्या, असं निघालं तर तिथेच बोला, रब्बीत बोलून उपयोग नाही.

आपलं आधार कुठे कुठे वापरलं गेलं तेही बघता येतं. माय-आधारवर पडताळणीचा इतिहास असतो, मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा. तारीख, वेळ, अंगठा की ओटीपी, कोणत्या संस्थेने, सगळं दिसतं. पोळ्याला आणि होळीला एकदा बघा. आमच्या घरात तसंच बघतो, त्यामुळे विसरत नाही.

तुमच्या नावावर सिम किती?

दूरसंचार खात्याचं संचार साथी नावाचं पोर्टल २०२३ पासून आहे. नंबर टाका, ओटीपी टाका, तुमच्या नावावरच्या सगळ्या मोबाइल नंबरांची यादी येते. जो आपला नाही त्यावर "माझा नंबर नाही" अशी तक्रार तिथेच करता येते. एका माणसाला ९ सिमची मर्यादा आहे आणि त्यापुढे गेलं तर नव्या दूरसंचार कायद्यात पहिल्यांदा ५० हजारांपर्यंत दंड आहे. गंमत बघा: दुकानदाराने तुमच्या झेरॉक्सवर परस्पर सिम विकली, तर ती तुमची नाहीत हे तपासायचं आणि कळवायचं काम तुमचं.

पोर्टल चांगलं आहे, मी रोज लोकांना दाखवते. तरी नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी केंद्राने मोबाइल कंपन्यांना आदेश दिला की प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी अॅप आधीच टाकून द्या, तेव्हा मी विरोधात होते. देशभर ओरड झाली आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. काहींनी मला विचारलं, तुम्हीच तर हे वापरा म्हणता? हो, म्हणते. वेबसाइट मी उघडते आणि मी बंद करते. सरकारने घालून दिलेलं अॅप फोनमध्ये काय काय बघतं, हे मला कोण सांगणार? करोनात आरोग्य सेतूचं असंच झालं. १ मे २०२० च्या आदेशात कामावर जाणाऱ्या प्रत्येकाला सक्ती, आणि त्याच महिन्यात भाषा मऊ होऊन "शक्य तितका प्रयत्न करा" असं झालं. यावरून मी एक शिकले: सक्तीचा आदेश आला की पहिल्या दिवशी पळत जायचं नाही. शेवटची तारीख लिहून ठेवायची, मूळ परिपत्रक मागायचं आणि आठवडाभर थांबायचं. पुष्कळ आदेश त्यातच बदलतात. पॅन जोडणीसारखे काही बदलत नाहीत, म्हणून शेवटची तारीख मात्र चुकवायची नाही.

बँकेतलं "सक्तीचं आहे"

पीक कर्जाच्या फाइलला इथे काय काय चिकटून येतं ते पपई-केळीवाले शेतकरीच सांगतील. पीक विमा कर्जदार शेतकऱ्यालाही २०२० च्या खरिपापासून ऐच्छिक आहे. मेख अशी की नको असेल तर शेवटच्या तारखेच्या सात दिवस आधी बँकेला लेखी कळवावं लागतं. गप्प राहिलात तर तुमचा होकार धरला जातो आणि हप्ता कापला जातो. विमा घ्या किंवा नका घेऊ, केळीला तर मी घ्याच म्हणेन. पण घेतला तो तुम्ही ठरवून घेतलेला असू द्या.

आयुर्विम्याचं निराळंच. माझ्या कर्जाच्या वेळी एका बँकेतल्या साहेबांनी फाइलमध्ये पॉलिसीचा फॉर्म घातला आणि म्हणाले, "याच्याशिवाय वर मंजुरी होत नाही." मी म्हटलं, "दादा, हेच वाक्य कागदावर लिहून सही करून द्या, मी लगेच फॉर्म भरते." फॉर्म फाइलमधून निघाला आणि कर्ज मंजूर झालं. आवाज चढवायची गरज पडत नाही. लेखी मागा, एवढंच. ज्यांनी सही करून टाकली आहे त्यांनी पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करावी. थोडीफार कपात होऊन पैसे परत मिळतात. पासबुकात वर्षातून एकदा ४३६ आणि २० रुपये कापलेले दिसले तर ते पंतप्रधानांच्या नावाच्या दोन विमा योजनांचे. योजना स्वस्त आहेत, वाईट नाहीत, पण घरच्यांना माहीतच नसेल की विमा आहे, तर दावा कोण करणार?

मोबाइल नंबर आणि लिंक

कपड्याच्या, औषधाच्या दुकानात बिलासाठी नंबर मागतात. ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलंय की नंबरासाठी ग्राहकाला अडवू नका. "नंबर नाही देत, बिल द्या," एवढं म्हणा. संगणकात नंबराच्या जागी दहा वेळा ९ टाकून बिल निघतं हे त्यांनाही माहीत असतं.

योजनेची लिंक व्हॉट्सअॅपवर आली तर पत्त्याचा शेवट बघा. सुरुवातीचं https:// सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी शेवटी डॉट-गव्ह-डॉट-इन (.gov.in) नसेल तर उघडू नका. लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या वेळी हुबेहूब दिसणारी बनावट पानं फिरत होती. "आरटीओ चलान" किंवा "पीएम किसान" नावाची एपीके फाइल (फोनमध्ये परस्पर अॅप घालणारी) आली तर ती मुलांनाही उघडू देऊ नका. आणि फोनवरून अटक असा प्रकार कायद्यात कुठेही नाही, वर्दी घातलेला माणूस व्हिडिओवर कितीही ओरडू दे.

विदा (डेटा, म्हणजे आपली वैयक्तिक माहिती) संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांना २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला १८ महिने. त्यातच केंद्राला आपल्या संस्थांना सूट द्यायचा अधिकार आहे आणि माहिती अधिकाराच्या कायद्यातलं वैयक्तिक माहितीचं कलम याच कायद्याने जास्त घट्ट केलं. म्हणजे माझी माहिती त्यांच्याकडे, आणि त्यांची माहिती मागायला गेले तर ती वैयक्तिक. या कायद्याच्या भरवशावर झेरॉक्स वाटू नका.

पैसे गेलेच तर

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लावा, उशीर झाला की पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत पळतात. मग त्याच दिवशी बँकेत लेखी तक्रार द्या. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेला नियम असा: चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्यानेच पैसे काढले आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. सातव्या कामकाजाच्या दिवसापर्यंत कळवलं तर थोडा भाग येतो. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. तारखेचा शिक्का म्हणूनच महत्त्वाचा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीचा नंबर १४४४८, तक्रारीला फी लागत नाही, एजंटही लागत नाही.

तक्रारीसोबत पासबुकाची नोंद, मोबाइलवरचा मेसेज आणि आधारच्या पडताळणी इतिहासाची प्रिंट जोडा. अंगठ्याचा व्यवहार असेल तर इतिहासात वेळ दिसते. त्या वेळी तुम्ही कुठे होता याचा पुरावा शोधा. शेतमजुरीचा हजेरीपट, दवाखान्याची चिठ्ठी, एसटीचं तिकीट, काहीही चालतं. धडगाव-मोलगीकडून येणाऱ्यांनी दुकानात येताना आधारला जोडलेलं सिम ज्या फोनमध्ये आहे तो फोन सोबत आणा, घरी नातवाकडे ठेवून येऊ नका.